दिवाळीनंतर काढणे

मुलुंड पूर्व
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय सम्यक,

तुझ्या आईशी फोनवर बोलले. घशाचं ऑपरेशन नीट झालं, पण चोवीस तारखेपर्यंत एक अक्षरही बोलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात नेटवर्क सांभाळायला होतास, तेव्हा पाच वर्षं दिवसभर तुझी टकळी चालू असायची. तेव्हा हे औषध मिळतं तर आम्ही पेढे वाटले असते. असो. व्हॉट्सॲपवर तू अर्धी वाक्यं टाकतोस आणि मी चष्मा शोधेपर्यंत पुसूनही टाकतोस, म्हणून हे लांबलचक ईमेल. घरच्या पत्त्यावरून लिहितेय. उत्तरही इथेच दे, ऑफिसच्या पत्त्यावर नको.

आमच्याकडे वाट लागली आहे. पहिल्या वर्षाचे अंतर्गत गुण विद्यापीठाकडे गेले ते सगळे चुकीचे. एकोणीसवाल्या मुलीला सात, सहावाल्याला सतरा. पूर्ण वर्ग उलटापालटा. फायलीत नुसते रोल नंबर असतात, नावं नसतात, म्हणून छापताना कोणाच्या लक्षात आलं नाही. सर्व्हरची नोंद काढली तर गुणांची फाइल शनिवारी, पंचवीस जानेवारीला सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी बदललेली. आणि आठ बावन्नला लॉगइन लताचं, लताच्याच मशीनवरून. तिचं नेहमीचं मशीन आदल्या दिवशी बंद पडलं होतं, म्हणून आमच्या शिपाई गुणाजीने कपाटातलं तिचं जुनं मशीन टेबलावर लावून दिलं होतं. त्यावरून.

लता म्हणते, मी दहा वाजून दहा मिनिटांनी आले. अंगठ्याच्या यंत्रातही तेच आहे. पण ते सहावरून सतरावर गेलेलं पोर म्हणजे सर्वेश, लताचा भाचा. तिच्याच घरी राहतो. आता कोण ऐकणार? लोक म्हणतात, एकाचे गुण वाढवले ते लपवायला बाईने सगळ्यांचे बदलले. लवकर आली, काम केलं, बाहेर गेली, मग अंगठा लावला. वीस तारखेला चौकशी आहे. ती अजून कंत्राटावर आहे आणि जूनमध्ये कायम व्हायची होती. चौकशीत दोषी ठरली तर जूनची वाट बघायची गरजच उरणार नाही. तोपर्यंत तिचं खातं बंद करून तिला वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालायला बसवलंय.

मला कळत नाही म्हणून विचारते. आपण नाव आणि पासवर्ड टाकतो, तेव्हा नक्की काय होतं? कळा कोणाच्या बोटांनी दाबल्या हे त्या सर्व्हरला कळतं का? एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली वीस या डब्यासमोर, आणि हे साधं माहीत नाही याची आत्ता लाज वाटतेय.

गरम पाणी पीत जा.

तुझी
क्षमाताई


दिंडोशी
मंगळवार, ४ फेब्रुवारी

क्षमाताई,

जय भीम. पेढे आत्ता वाटा, आईची तक्रार नाही. घरात इतकी शांतता तिने माझ्या जन्मापासून पाहिली नव्हती.

लताताईंचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. मी इतकी वर्षं हे काम केलं, पण हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. सगळे फक्त 'होत नाहीये रे, ये ना' म्हणायचे.

पहिली गोष्ट ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. तुमचा पासवर्ड तारेतून जातच नाही. तुम्ही तो टाकलात की तुमचंच मशीन त्यापासून एक किल्ली घडवतं. त्या किल्लीने एक छोटीशी चिठ्ठी कुलूपबंद करतं. चिठ्ठीत काय, तर आत्ता किती वाजले ते. बस. ही चिठ्ठी सर्व्हरकडे जाते. तुमच्या पासवर्डपासून घडवलेली तशीच किल्ली सर्व्हरकडे आधीपासून असते. त्याने ती लावून पाहिली, चिठ्ठी उघडली, आणि आतली वेळ त्याच्या घड्याळाशी पाच मिनिटांच्या आत जुळली, की त्याची खात्री पटते. म्हणून तर घड्याळ दहा मिनिटं मागे असलेल्या मशीनवर बरोबर पासवर्ड टाकूनही आत घेत नाही. बाळ सरांना मी हे चार वेळा सांगितलं होतं, ते दर वेळी कीबोर्डवरच रागवायचे.

खात्री पटली की सर्व्हर एक तिकीट देतो. आपलं हॉल तिकीट समजा. मग फायलींचं कपाट असो की प्रिंटर, पुन्हा पासवर्ड कोणी विचारत नाही, मशीन ते तिकीट दाखवून मोकळं होतं. दहा तास चालतं ते.

आणि बोटांचं म्हणाल, तर नाही. सर्व्हरला बोटं दिसत नाहीत. कोणाच्या नावाने, कुठल्या मशीनवरून, किती वाजता, एवढंच त्याच्या वहीत पडतं. किल्ली बरोबर असली की माणूस बरोबर, असं तो धरून चालतो.

तेव्हा लताताईंचा पासवर्ड कोणाला माहीत होता, हा खरा प्रश्न आहे.

तुमचा
सम्यक


मुलुंड
गुरुवार, ६ फेब्रुवारी

प्रिय सम्यक,

पासवर्ड जातच नाही! मी काल दोनदा वाचलं, मग रात्रीच्या जेवणात यांना वाढता वाढता समजावून सांगितलं. यांना आमटीत जास्त रस होता. मला आपलं वाटायचं की पासवर्ड तारेतून पळत जातो आणि तिथे कोणीतरी यादीत बघून 'हो, जाऊ द्या' म्हणतं. आणि तो आहे घड्याळ बघणारा. फार आवडलं मला हे.

आज सकाळी मुद्दाम स्क्रीनकडे बघत बसले. आपण आत गेल्यावर ती एक काळी खिडकी उघडते ना, त्यात पांढरी अक्षरं सरकत राहतात आणि मग बारा मिनिटं काहीच हलत नाही. सातही मशीनवर तस्संच, एकाच जागी अडकतं. ती खिडकी म्हणजे काय? तिकीट मिळाल्यावर अजून कोणती परीक्षा घेतात? आमच्याकडे तिला सगळे 'सम्यकची पूजा' म्हणतात. ती आटपेपर्यंत कोणी काही करू शकत नाही.

लता आज भेटली.  चौकशीच्या नोटिशीला तिने एका ओळीत उत्तर दिलं, 'मी हे केलेलं नाही.' तुझा प्रश्न मी तिला विचारला नाही. ऑफिसात पासवर्ड कोणाला माहीत असतो, नसतो, हे असं थोडंच सांगता येतं.

क्षमाताई


दिंडोशी
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

क्षमाताई,

ती पूजा म्हणजे लॉगॉन स्क्रिप्ट. मीच २०१९मध्ये लिहिलेली. एक साधी यादी असते, सर्व्हरवर ठेवलेली. कोणीही लॉगइन केलं की त्याचं मशीन ती यादी उघडतं आणि वरून खाली एकेक काम करत जातं. फायलींचं कपाट जोड, प्रिंटर लाव, घड्याळ जुळव. ती वेगळी परीक्षा नाही, घर उघडल्यावर आपण खिडक्या उघडतो, गॅस बघतो, तसं आहे. एक लक्षात ठेवायचं, ही कामं स्क्रिप्ट स्वतःच्या नावाने करत नाही. जो आत आला त्याच्या नावाने आणि त्याच्या अधिकाराने करते.

बारा मिनिटं का, ते मला आता आठवत नाही. जुनी यादी आहे. तिच्यात फार डोकं घालू नका.

खरं सांगू? मला वाटतं तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधताय. तो सर्वेश लताताईंच्या घरी राहतो. मावशीचा पासवर्ड फोनच्या मागे, डायरीत, कुठेही दिसला असेल. सकाळी कॉलेजात तसंही कोणी अडवत नाही. तुम्ही लताताईंना स्पष्ट विचारा. पोराने केलं असेल तर बाईंनी आत्ताच कबूल केलेलं बरं. भाच्यासाठी नोकरी घालवण्यात काही अर्थ नाही.

सम्यक


मुलुंड
मंगळवार, ११ फेब्रुवारी

सम्यक,

चार दिवस लिहिलं नाही कारण मला तुझा राग आला होता. सर्वेश त्या शनिवारी सकाळी सात ते दहा मैदानावर एनसीसीच्या कवायतीला होता, छपन्न पोरांनी पाहिलंय. विचारायच्या आधी तू त्याला चोर करून मोकळा झालास. तू असा नव्हतास रे.

डोकं घालू नका म्हणालास, म्हणून मी घातलं. तुझ्या जागी आता अनंत येतो, आठवड्यातून दोन दिवस. त्याला म्हटलं, ती काळी खिडकी जी यादी वाचते ती मला बघता येईल का? मला वाटलं, नाही म्हणेल. तो म्हणाला, 'मॅडम, ती कोणीही वाचू शकतं. बदलता येत नाही, वाचता येते. सगळ्यांच्या मशीनला वाचावीच लागते ना.' आणि दोन क्लिकमध्ये समोर उघडून दिली. इतकी वर्षं ही गोष्ट दोन क्लिकवर होती आणि आम्ही तिला पूजा म्हणत होतो!

मी वहीत उतरवून घेतली, एकशे चौदा ओळी. अर्ध्या अनंतने समजावल्या. बारा मिनिटांचंही कळलं. ग्रंथालयातला तो मोठा प्रिंटर आठवतो? भंगारात जाऊन साडेतीन वर्षं झाली. तुझी यादी अजून रोज सकाळी प्रत्येक मशीनवरून त्याला हाका मारत बसते. मला हसू आवरेना.

मग सत्त्याण्णवाव्या ओळीवर लताचं नाव दिसलं आणि हसू गेलं. आत येणारी लता असेल, आणि तिच्या मशीनवर डी ड्राइव्हमध्ये 'गुण' नावाचं फोल्डर असेल, तर त्यातलं सगळं सर्व्हरच्या गुणांच्या फोल्डरवर टाक. आधीच्या फायली असतील तर न विचारता त्यांच्यावरच टाक. असं अनंतने वाचून दाखवलं. लताच्या जुन्या मशीनवर ते फोल्डर आहे. आत २०२१चे गुण आहेत. आपण फायलींना दर वर्षी तीच नावं देतो, त्यात साल घालायची पद्धत आपल्याकडे कधीच नव्हती.

म्हणजे त्या सकाळी कोणी गुण बदललेच नाहीत. कपाटातून काढलेल्या मशीनने साडेतीन वर्षांपूर्वीचे गुण नेऊन आजच्यांवर ओतले.

त्या ओळीच्या वर एक टीप आहे. अक्षरं रोमन, पण मराठीतच. 'तात्पुरते. दिवाळीनंतर काढणे. सम्यक.'

कोणत्या सालची दिवाळी रे?

क्षमाताई


दिंडोशी
बुधवार, १२ फेब्रुवारी

क्षमाताई,

२०२१ची.

तेव्हा सर्व्हरची डिस्क आजारी होती, मध्येच फायली गिळायची. म्हणून लताताईंना म्हटलं, तुम्ही गुण तुमच्याच मशीनवर भरा, रोज सकाळी लॉगइन केलंत की स्क्रिप्ट ते सर्व्हरवर नेईल. दोन महिन्यांची सोय होती. मग नवी डिस्क आली, लताताईंना नवं मशीन आलं. त्यावर ते फोल्डर नव्हतं, म्हणून ती ओळ रोज यायची, बघायची, काही नाही म्हणून पुढे जायची. मी २०२२मध्ये नोकरी सोडली तेव्हा शेवटच्या दिवशी काढायच्या गोष्टींची यादी केली होती. तीसुद्धा करायची राहिली.

आता खरं सांगतो. तुमच्या पहिल्या पत्रात 'कपाटातलं तिचं जुनं मशीन' वाचलं तेव्हाच मी पुढचं वाचायचा थांबलो होतो. मला लगेच आठवलं, ताई. तरी मी तुम्हाला किल्ल्या आणि चिठ्ठ्यांच्या गोष्टी सांगत बसलो आणि वर सर्वेशचं नाव पुढे केलं. अंधेरीच्या या कंपनीत मी दुसऱ्यांच्या ऑफिसातल्या अशाच विसरलेल्या ओळी शोधतो, तेच माझं काम आहे. माझीच ओळ बाहेर आली तर साहेब काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. एका पोराला चोर ठरवलं मी. बोलता येत नाही ते बरंच आहे, आईने दोनदा विचारलं काय झालं म्हणून.

चौकशीसाठी मी सहीनिशी लिहून देईन. पण ताई, एक गोष्ट माझ्या लिहिण्याने सुटणार नाही. स्क्रिप्ट आपोआप सुरू होत नाही. कोणीतरी लताताईंच्या नावाने आत यावं लागतं. त्या दहा दहाला आल्या. मग आठ बावन्नला चिठ्ठी कोणी पाठवली? समितीही हेच विचारेल. त्यांच्या दृष्टीने तर लताताईंनीच ते जुनं मशीन मुद्दाम वापरलं असंही होईल.

आणि तुम्ही मागे लिहिलंत, सातही मशीनवर खिडकी एकाच जागी अडकते. तुम्ही तर एकाच मशीनवर बसता.

सम्यक


मुलुंड
शनिवार, १५ फेब्रुवारी

प्रिय सम्यक,

मी पाठवली.

तू पकडशील असं सहा तारखेलाच वाटलं होतं. कदाचित म्हणूनच लिहून गेले असेन, मलाच सांगता येत नाही.

तुझी पूजा बारा मिनिटांची झाली तेव्हापासूनची ही पद्धत आहे. दहाला खिडकीवर मुलं रांग लावतात आणि आमची मशीनं दहा बारापर्यंत डोळे मिटून. रोज शिव्या खायच्या. मी घराजवळची, पावणेनऊला येते. एकदा लता म्हणाली, 'ताई, माझंही चालू करून ठेवा ना.' मग बाळ सर, मग शेवंती, मग सगळेच. माझ्या खणात एक कार्ड आहे. पासवर्ड बदलला की नवा चिठ्ठीवर लिहून मला आणून देतात, घर बदलल्यावर पत्ता द्यावा तसा. मी सकाळी आले की एकेक टेबलावर जाऊन सगळ्यांना आत सोडते, मग चहा घेते. लोक येतात तेव्हा मशीन तयार. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मला तर अभिमान होता रे. क्षमाताई आहेत म्हणून ऑफिस चालतं, असं म्हणायचे सगळे.

त्या शनिवारी जुनं मशीन दिसलं. म्हटलं, असू दे, नाव तर लताचंच टाकायचंय.

हे सातही जणांना माहीत आहे आणि सातही जण गप्प आहेत. बोललं तर प्रत्येकाने पासवर्ड दिल्याचं कबूल करावं लागतं. बाकीच्यांची मशीनं मी अजूनही रोज चालू करते, हे सांगायलाही लाज वाटते. लता मला पहिल्याच दिवशी म्हणाली, 'ताई, मी तुमचं नाव घेणार नाही.' ती मला वाचवतेय आणि मी वाचून घेतेय. एकतीस वर्षांत मला एक मेमो नाही. ऑक्टोबरमध्ये निवृत्त होणार, निरोपाच्या भाषणात प्राचार्य हेच सांगतील असं मी मनात घोकून ठेवलं होतं. म्हणून मी तुला विचारत सुटले. मला वाटलं, यंत्राचीच अशी काही चूक सापडेल की माणसाचं नावच घ्यावं लागणार नाही. सापडली ती तुझी, आणि तिच्याखाली माझी.

काय करू, ते तुला विचारत नाही. मला ठाऊक आहे. फक्त वीस तारखेपर्यंत माझा धीर टिकेल का, ते ठाऊक नाही.

क्षमाताई


दिंडोशी
रविवार, १६ फेब्रुवारी

ताई,

माझं निवेदन सोबत जोडलं आहे. सत्त्याण्णवावी ओळ माझी, का लिहिली, का राहिली, सगळं आहे. आमच्या साहेबांनाही आधीच एक प्रत दिली. ते म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. बघतील.

तुमच्याबद्दल मी त्यात एक शब्द लिहिलेला नाही. तो तुमचा आहे.

एवढंच सुचवतो, नुसतं बोलू नका. ते जुनं मशीन समितीसमोर ठेवायला लावा. अनंतला सांगून सर्व्हरवर एक नकली फाइल ठेवा, जुन्या मशीनवर त्याच नावाची दुसरी. लताताईंचं खातं तेवढ्यापुरतं उघडा आणि त्यांना स्वतःच्या हाताने लॉगइन करू द्या. ज्यांना किल्ली आणि चिठ्ठी कळत नाही त्यांनाही समोर बदललेली फाइल दिसते.

सर्वेशला मी एक पत्र लिहिलं आहे. तुम्ही त्याला काही सांगितलं नसेल, तरी मला लिहायचं होतं.

सम्यक


मुलुंड
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

प्रिय सम्यक,

झालं सगळं. सविस्तर लिहिते.

काल अकराला प्राचार्यांच्या केबिनमध्ये. समितीवर उपप्राचार्य शर्मिष्ठा मॅडम आणि बाहेरचे दोघे. अनंतने जुनं मशीन टेबलावर मांडलं. तुझं निवेदन वाचलं. मग लताने नाव टाकलं, पासवर्ड टाकला आणि ती काळी खिडकी उघडली. बारा मिनिटं, सम्यक! इतकी मोठी माणसं खुर्च्या ओढून एका काळ्या चौकोनाकडे टक लावून बसली होती. बाहेरच्यांपैकी एकाने विचारलं, हे थांबलंय का? अनंत म्हणाला, नाही सर, प्रिंटर शोधतंय. कुठला प्रिंटर? भंगारातला. प्राचार्यांनी डोळेच मिटले.

मग खिडकी बंद झाली. अनंतने सर्व्हरवरची फाइल उघडली. सकाळी तिच्यात सगळीकडे वीस लिहिलं होतं, आता सगळीकडे शून्य. लताने हात मांडीवर ठेवले होते. 

शर्मिष्ठा मॅडम हुशार आहेत. त्या म्हणाल्या, 'कसं झालं ते कळलं. पण त्या शनिवारी आठ बावन्नला लॉगइन कोणी केलं?' मी तिथे फक्त कागद पुढे सरकवायला बसले होते. उठले आणि म्हटलं, 'मी.' कार्ड पर्समध्ये नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं. सातांचे पासवर्ड, माझ्या अक्षरात.  आवाज फार मोठा निघाला, बाहेर खिडकीवरच्या मुलांनीसुद्धा वळून पाहिलं म्हणे.

लता निर्दोष. गुण प्राध्यापकांच्या कागदांवरून पुन्हा भरले, सुधारित यादी आजच गेली. सर्वेश परत सहावर आला, पुन्हा परीक्षा देईल. तुझं पत्र त्याला मिळालं. मला मेमो मिळाला. पहिला. सही करताना अक्षर चांगलं आलं. आणि अनंतने तुझ्या दोन ओळी पुसल्या, प्रिंटरची आणि ती दिवाळीची. आता लॉगइनला चाळीस सेकंद लागतात. साडेतीन वर्षं मी सात जणांचे पासवर्ड सांभाळले, कोणी आधीच यादी उघडून वाचली असती तर तेव्हाही चाळीस सेकंदच लागले असते.

मी तुला लिहिलं होतं, लता मला वाचवतेय. ते चुकीचं लिहिलं. आज ती तिच्या टेबलावर परत आली. मी म्हटलं, 'लता, तू माझं नाव घेतलं नाहीस, मी विसरणार नाही.' ती पर्स खणात ठेवत होती. म्हणाली, 'ताई, तुम्हाला काय वाटलं, मी तुम्हाला वाचवत होते? नाव तुम्ही घ्यायचं होतं. आज बोलतील, उद्या बोलतील, असं करत वीस दिवस मी पुस्तकांना कव्हरं घातली. तुम्ही रोज येऊन विचारायचात, लता, जेवलीस का.'

  तिने ते पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि मी माझ्या सोयीचं ऐकलं.

तिचं खातं उघडल्यावर मशीनने नवा पासवर्ड मागितला. तिने बोटं कीबोर्डवर ठेवली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं नाही, नुसतीच थांबली. आमची टेबलं एकमेकींना लागून आहेत, तुला माहीत आहे. मला समजायला जरा वेळ लागला. मग मी खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मागे कळा वाजल्या, दोनदा, नवा पासवर्ड दोनदा टाकावा लागतो तशा. मग मशीनने तिला आत घेतल्याचा आवाज आला.

मी वळले तेव्हा ती चहाला निघून गेली होती. रोज आम्ही दोघी मिळून जातो.

तुझी
क्षमाताई